पत्रिकेत ठेवलेली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती वारली, तोपर्यंत नाही. दरवेळी विषय जवळ आला की दुसरंच काहीतरी बोललो.

सायली, माझी मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची होती. डोंबिवलीच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. मी विचारलं नाही — की विचारायला घाबरत होतो? एकदा ताप आला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात पाहिले, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, ही स्वतःला इजा करून घेतेय. उशीर करू नका, बरी होईल. ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली.

"काय म्हणाले, बाबा?"

"अशक्तपणा आहे. टॉनिक घ्यायचं."

त्याच आठवड्यात शहाडची मंडळी तिला पाहायला येणार होती. ठाण्याच्या त्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर? — एवढंच डोक्यात. चिठ्ठीची घडी करून तिच्या पत्रिकेत ठेवली. ते स्थळ जमलं नाहीच. टॉनिकच्या बाटल्या मात्र नेमाने आणत राहिलो.

नऊ वर्षांनी सायली स्वतःच गेली, बाळकुमच्या एका मानसोपचार दवाखान्यात. पहिल्या दिवशी मला सोबत नेलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, याआधी कुणी उपचार सुचवले होते का? सायली म्हणाली, नाही, आमच्या डॉक्टरांना अशक्तपणाच वाटला. मी शेजारी बसून मान डोलावली. चिठ्ठी लपवणं मोठा गुन्हा, की ते मान डोलावणं?

दोन वर्षं झाली, ती अजून जाते. मध्ये एकदा पुन्हा तसं घडलं — पण त्याच दिवशी तिने मॅडमना फोन केला. लपवलं नाही. हे ती माझ्याकडून नक्कीच शिकली नसेल.

गेल्या रविवारी अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून ती घावणे करत होती. मी हातांकडे बघतोय हे दिसलं तशी हसली. "बघा की नीट. फक्त टॉनिक आणू नका हं आता!"

मीही हसलो. चिठ्ठी खिशात होती, सकाळीच पत्रिकेतून काढलेली.

"सायली, तेव्हा डॉक्टरांनी —"

"बाबा, गरम आहे तोवर खा आधी."

मी खाल्लं. ताट धुऊन ठेवलं. सायली, त्यांनी चिठ्ठी दिली होती. मी लपवली. माझं चुकलं — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.