धोंडिबाला हाक

धाकटे दीर हिर्डोशीच्या डोंगरात, धुक्यात कुठंतरी पडले होते, आणि त्यांना शोधायचं तर मला माझ्या नवऱ्याच्या नावानं कुत्र्याला हाक मारावी लागणार होती.

असली अडचण आमचे भावजीच उभी करू जाणे. नातवंडांची नावं विहान, रियांश अशी निघाली, तेव्हा त्यांनी घरातली जुनी नावं कुत्र्यांना द्यायला घेतली. "माणसं ठेवंनात, वैनी. अंगणात त्या नावानं हाक तरी पडू द्या." नाव वडीलधाऱ्यांचं, म्हणून कुत्र्यांना अहो-जाहो. "सखाराम, तंगड्या आवरून बसा." एका कुत्रीला माझ्या सासूचं नाव, बायजाबाई. तिनं टोपलीखालची सुकट पळवली. मी काठी उचलली, तर भावजी आडवे आले. "आईवर काठी, वैनी? आन् आईलाबी सुकट लई आवडायची." ते खरं होतं. त्या दिवशी मी भाकरी मिठाशी खाल्ली.

माझे मालक वारले, तेव्हा भावजींनी पिल्लू आणून त्याला त्यांचं नाव दिलं. मी भांडले. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या कुत्र्याला मी "यू यू" करायची. ते मान फिरवून बसायचं. नाव घेतलं तरच ओ द्यायची, अशी सवय भावजींनी लावलेली.

त्या दिवशी भावजी त्याच कुत्र्याला घेऊन शेरडं चारायला डोंगरात गेले होते. दुपारी शेरडं एकटीच घरी आली. गडीमाणसं भोरच्या बाजाराला गेलेली. मी काठी घेऊन निघाले. "भावजी, अवो भावजी!" ओरडून घसा बसला. "यू यू" केलं. काही नाही. स्वतःची पावलं दिसेनात. मग डोळे मिटले आणि ओरडले, "धोंडिबाऽ!"

खालच्या घळीतून भुंकणं आलं. हाक मारायची, ऐकायचं, थोडं उतरायचं. कितीदा नाव घेतलं, देव जाणे. भावजींचा पाय मोडलेला, अंग गार, नुकती शुद्ध येत होती. कुत्रा त्यांच्या छातीला चिकटून बसलेला.

"वैनी, दादाला लई मोठ्यानं हाक मारलीत."

"गप पडा," मी म्हटलं.

माझा आरडाओरडा ऐकून वरच्या वाडीतली माणसं आली. घोंगडीच्या झोळीतून त्यांनी भावजींना रस्त्यापर्यंत नेलं, तिथून टेम्पोनं दवाखान्यात.

भावजी आता लंगडतात, तरी नवं पिल्लू आणायचं म्हणतात. "तुमचं नाव मातुर राखून ठेवलंय, वैनी. त्याची घाई न्हाई."

त्या धुक्यातून भावजी, मी आणि धोंडिबा, तिघंही जिवंत घरी आलो.