भट्टीवालीची दुपारची झोप

बेकरीत तिला सगळे भट्टीवाली म्हणत, आणि हे नाव तिला सुखासुखी मिळालं नव्हतं. कित्येक वर्षं ती पुढच्या खोलीत पाव कागदात गुंडाळत होती. येता-जाता भट्टीपाशी रेंगाळून, जुन्या भट्टीवाल्याची बोलणी खाऊन ती काम शिकली. तो म्हातारा थकून घरी बसला, तेव्हा कुठे मालकाने नाक मुरडत पाव आत-बाहेर करायचं लांब फावडं तिच्या हाती दिलं. तिथले मोठे पाव झाकणाच्या डब्यात भाजत, त्यामुळे रंग दिसायचा नाही. एक पाव बाहेर काढायचा, उलटा करायचा, बुडावर बोटाने ठोकायचं आणि कान द्यायचा. आवाज पोकळ आला की पाव झाला, बद्द आला की परत आत. तिचा कान कधी चुकला नव्हता.

घोडं अडलं होतं ते झोपेपाशी. पाळी संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपे, म्हणजे झोपायचं दिवसा. घर एका खोलीचं, पडद्याआड स्वयंपाक. नवरा सकाळीच टेम्पो घेऊन बाहेर पडे. मागे उरत सासरे आणि नवऱ्याचे मामा. हे मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस म्हणून आले होते. डोळा कधीच बरा झाला, मामा मात्र हलायचं नाव घेत नव्हते. गल्लीच्या टोकावरचा माणूस त्यांना आता स्पष्ट दिसे, पण त्याच खोलीत तळमळणारी सून काही दिसत नसे.

घरचं आवरून, दोघांना जेवायला वाढून तिने पाठ टेकावी, तर तेही पोटभर जेवून आडवे व्हायचे. सासऱ्यांचं घोरणं निदान सरळमार्गी होतं, एकदा सुरू झालं की एका सुरात चालायचं. मामांची तऱ्हा वेगळी. ते चढत चढत जात आणि मध्येच एकदम थांबत. आता श्वास येईल, मग येईल, म्हणून ही छताकडे बघत वाट पाहायची. घोरणं परवडलं, पण ते थांबणं नको, असं तिला होऊन जाई.

एकदा तिने धीर करून विचारलं, "मामा, जरा कुशीवर झोपता का? तुम्ही घोरता."

"मी? छे! घोरतात ते तुझे सासरे. त्यांच्यापायी मीच जागा असतो."

"मी नुसता डोळे मिटून पडतो," सासरे पांघरुणातून म्हणाले.

"आणि सूनबाई, तो तुझा गजर," मामा म्हणाले, "त्याने आमची झोपमोड होते हो."

चोराच्या उलट्या बोंबा. तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हातारी माणसं आहेत. तू डोक्यावरून पांघरूण घे ना." त्या दिवशी तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली.

मग नको तेच झालं. ती भट्टीसमोर बसल्या बसल्या पेंगली आणि सगळे पाव करपले. मालक म्हणाला, "पुन्हा असं झालं तर पुढच्या खोलीत जायचं. कागद तिथेच आहेत."

कानात कापूस घालून झाला, ओढणी बांधून झाली. शेवटी एका पहाटे निघताना तिने पावाच्या मळलेल्या मैद्याचा मऊ गोळा आपल्या जेवणाच्या डब्यात टाकला. जेवणं आटोपल्यावर त्याच्या दोन गोळ्या करून कानात दाबल्या. अहाहा, काय शांतता! मामांचं पोट वरखाली होताना दिसत होतं, आवाज नव्हता. ती मेल्यासारखी झोपली.

उबेत पावाचा मैदा फुगतो, हे जिने जन्मभर पाहिलं, तिला स्वतःचा कान उबदार असतो एवढं सुचू नये? झोपेची भूक माणसाची अक्कल आधी खाते. उठली तेव्हा गोळ्या फुगून गच्च बसल्या होत्या आणि वरून वाळल्या होत्या. केसातल्या आकड्याने वरचं निघालं, आतलं आणखी आत गेलं. पाळीची वेळ झाली होती. होईल मोकळं, म्हणत ती तशीच निघाली.

पहिल्या खेपेचा पाव तिने ठोकला. आवाज बद्द. आत ढकलला. पुन्हा काढला, पुन्हा बद्द. मागून मालक काहीतरी बोलत होता.

"काय?" ती म्हणाली.

"अगं, ऐकू येत नाही का?"

"काय?"

तोवर करपल्याचा वास भट्टीबाहेर आला होता.

खरं काय ते तिने सांगितलं, तेव्हा पीठ मळणारा हसून हसून पोत्यावर बसला. मग त्यानेच कोमट तेल घालून तिचे कान साफ करून दिले. मालक हसला नाही. त्याने फावडं तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "उद्यापासून सकाळी ये, पुढच्या खोलीत."

घरी पोचली तेव्हा रात्रीची जेवणं चालली होती. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिला रडायचं होतं, पण एका खोलीत रडायला कुठे जाणार?

"बरंच झालं म्हणायचं," मामा मनापासून म्हणाले. "दिवसाची झोप काही खरी नव्हे. आता रात्री आम्हा सगळ्यांबरोबर निवांत झोपत जा."

कान मोकळे झाले होते, शब्द न्‌ शब्द ऐकू आला. दिवा मालवला. सासऱ्यांनी सूर धरला, मागोमाग मामा चढत चढत गेले आणि मध्येच थांबले. ती वाट पाहत पडून राहिली.