मशेरी सोडल्याची डोकेदुखी

"सिस्टर, चिमूटभर लावू का हो? फक्त आजच्या दिवस."

रंजना माझ्या टेबलासमोर उभी होती. आमच्या विरारच्या नर्सिंग होममध्ये गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी असायची आणि हा होता शुक्रवार. वालीवच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. अर्धा दिवस भरून तशीच आली होती, मशेरी लावायची परवानगी मागायला! सोबत आगाशीकडची सासू. सासूच्या मुठीत डबी तयार.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. बायका सकाळी दातांना लावतात आणि मग दिवसातून चारदा हात डबीकडे जातो. आमच्या केसपेपरवर 'धूम्रपान, तंबाखू' असा रकाना होता. सगळ्याजणी खुशाल 'नाही' सांगायच्या. खोटं नाही हो बोलायच्या बिचाऱ्या. विडी-सिगारेट पुरुषांची, तंबाखू खाणाऱ्यांची, आणि मशेरी म्हणजे आपलं दंतमंजन. म्हणून मी सरळ विचारायची, "दात कशानं घासतेस?" मग बरोब्बर कळायचं.

रंजना तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा आली तेव्हा असंच कळलं. लग्नाआधीपासूनची सवय. मी तिला चांगलं झापलं. तंबाखू धुरातून घे नाहीतर हिरडीतून घे, बाळाला पोचतेच, म्हटलं. पोरगी जिद्दीची. त्याच दिवशी सोडली. आठवड्याने डोकं धरून आली. मी म्हटलं, "मशेरी सोडली की दुखतंच. सोस." झालं. एवढंच बोलले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आणि आता आठव्या महिन्यात ही परत डोकं धरून.

"अगं, वेडी का खुळी तू? पाच महिने सोडलीस आणि आता..."

बोलता बोलता माझी मीच थांबले. पाच महिने! मशेरी सोडल्याचं डोकं आठवडा दुखेल, फार तर दोन-तीन आठवडे. पाच महिने कसं दुखेल?

"तेव्हापासून सारखं दुखतंय?"

"नाही. मध्ये एकदम बरं होतं. आता चार दिवस झाले. गोळीनं पण थांबत नाही."

"मग चार दिवस काय करत होतीस?"

"तुम्हीच बोललेलात ना, सोस म्हणून. म्हणून सोसलं."

मी तिच्या पायांकडे बघितलं. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"डोळ्यांसमोर काही चमकतं?"

"पॅकिंग करताना चमकतं कधी कधी. मला वाटलं ट्यूबलाइट खराब आहे."

सासू म्हणाली, "पाय कोनाचे सुजत नाय पोटुशी असताना? तिला चिमूट लावू द्या, बरी होईल."

"डबी आत ठेवा आधी," मी म्हटलं आणि बीपीचा पट्टा गुंडाळला. एकशे सत्तर-एकशे दहा. मशीनवर विश्वास बसेना. दुसऱ्या हाताला लावला. तेवढंच.

लगेच लघवी तपासली. तेव्हा आमच्याकडे जुनी पद्धत होती. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, दोन थेंब ॲसिड टाकायचं. प्रोटीन असेल तर पांढरं होतं. रंजनाची तर उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट झाली. याला म्हणतात प्री-एक्लॅम्पसिया. गरोदरपणात बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, आणि वेळेत आवरलं नाही तर झटके येतात. आईही जाऊ शकते, बाळही.

नळी हातात घेऊनच मी बाहेर धावले. आमच्या डॉक्टर मॅडम स्कूटरला किक मारत होत्या.

"मॅडम, थांबा!"

"सिस्टर, मला वसईला ओपीडी आहे."

"एकशे सत्तर-एकशे दहा. चार दिवस डोकं. डोळ्यांसमोर चमकतंय. आणि हे बघा."

मॅडमनी नळी बघितली. स्कूटर परत स्टँडवर. "मॅगसल्फ काढा. वसईला फोन करून सांगा, मी येत नाही."

मॅगसल्फ म्हणजे झटके अडवणारं इंजेक्शन. जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून बाईजवळून हलायचं नाही. गुडघ्यावर हातोडी मारून बघायची, पाय उडतो का. श्वास मोजायचे. लघवी किती होते ते लिहायचं. ते सगळं मी केलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बीपीचं औषध वेगळं दिलं, तरी बीपी खाली यायला तीन तास गेले. मग मॅडम म्हणाल्या, आता बाळ बाहेर काढायचं, यावर दुसरा इलाज नाही.

सासू दारात आडवी. "आठव्यातला पोर जगत नाय. सातव्यातला जगतो, नवव्यातला जगतो. थोडं थांबा."

"मावशी, बाळ काही पंचांग बघून श्वास घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "लहान बाळांचे डॉक्टर येऊन उभे आहेत. पण सुनेला झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हातारी दारातून बाजूला झाली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "करा मंग. पन माझी सून मला परत पायजे." इतका वेळ मला तिचा राग येत होता, तो कुठच्या कुठे गेला.

सहाच्या सुमाराला सिझेरियन झालं. मुलगी, एक किलो आठशे. क्षणभर गप्प होती, आणि मग असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेल्या सासूने आतल्यापेक्षा मोठ्याने रडायला सुरुवात केली. मी मास्कच्या आत हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. जिंकलो! दोघीही वाचल्या.

चौथ्या दिवशी रंजनाने मॅडमना विचारलं, "मशेरीमुळेच झालं ना हे?"

"तंबाखू रक्तवाहिन्यांना वाईटच. सोडलीस ते उत्तम केलंस. पण तुझं बीपी नेमकं कशाने चढलं, ते छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पहिल्या खेपेला हे जास्त होतं. उगाच स्वतःला बोल लावू नकोस."

बोल मला लागायला हवा होता. मॅडमना मी सगळं सांगितलं, 'सोस' मीच म्हणाले होते म्हणून. त्या एवढंच म्हणाल्या, "सल्ला चुकीचा नव्हता सिस्टर. त्याला मुदत नव्हती."

चार महिन्यांनी एका मंगळवारी रंजना कारखान्यातल्या दोघींना घेऊन हजर. दोघी गरोदर, दोघींनी मशेरी सोडलेली. एकीचं डोकं दुखत होतं. मी काही बोलायच्या आत रंजनानेच तिची बाही वर केली. "आधी बीपी बघा सिस्टर, मग बोला." बघितलं. एकशे दहा-सत्तर. लघवीही स्वच्छ.

"मशेरीचंच दुखणं आहे," मी म्हटलं. "सोस. पण फक्त आठ दिवस. आणि मध्येच डोळ्यांसमोर चमकलं, पाय सुजले, तर त्याच दिवशी यायचं. नवव्या दिवशी दुखत असूनही आली नाहीस, तर मी वालीवला येऊन सुपरवायझरसमोर बीपी मोजीन."

ती नवव्या दिवशी आली. डोकं थांबलंय, हे सांगायला.