ठचं पोट

पेंटरकाकांचा एकच बाणा होता: रेघ म्हणजे रेघ. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, अक्षरांना नक्षी काढली, सावल्या दिल्या. त्यांचं अक्षर रेघेबाहेर गेलं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तारे दाखवणाऱ्या नव्या इमारतीसाठी आलेला नमुना मात्र भलताच होता. दोन पुरुष उंचीची अक्षरं: ‘अवकाशपीठ’. ना गोंडा, ना शेपूट. नुसते जाडजूड दांडे आणि कंपासातून सुटलेले गोल.

“ही अक्षरं आहेत का पाण्याचे पाइप?” काका हसले. मग नमुना भिंतीला टेकवून चार पावलं मागे गेले आणि हसणं विसरले. अजून न उजाडलेल्या काळातून कुणीतरी येऊन समोर ठाकावं, तशी ती अक्षरं उभी होती. काकांच्या अंगावर काटा आला.

फक्त शेवटच्या ठचं पोट खालच्या रेघेबाहेर जरासं उतरलं होतं. नमुना काढणारी पोर नवखी, चुकली असेल बिचारी! काकांनी उदार मनाने ठ वर घेतला, खिळा ठोकून दोरीने नेमका गोल आखला आणि रंगवला.

खाली उतरून बघतात तर ठ आक्रसलेला. बाकीची अक्षरं पाय रोवून उभी, आणि हा अधांतरी. काका पुन्हा चढले, माप घेतलं. तसूभर फरक नाही. मग त्यांना आठवलं: हल्ली चहाचा कप धरतानाही बोटं थरथरायची.

“अगं, माझा हात गेला,” घरी येऊन ते बायकोला म्हणाले. “ही पाटी शेवटची.”

“गेला? जेवताना तर बरोबर तोंडात जातो!” ती म्हणाली खरी, पण तिचाही चेहरा उतरला. तिनेच त्या पोरीला फोन केला.

पोर दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी आली, सोबत काकांची बायकोही. “काका, ठ वर घेतलात?”

“तुझी चूक सुधारली.”

“चूक नव्हती ती. दांड्याशेजारी गोल मापात ठेवला की डोळ्याला लहानच दिसतो. तो थोडा बाहेर काढावा लागतो. मी तुमच्याच पाट्या बघून शिकले हे.”

तिने समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीला पट्टी लावली. काकांनीच रंगवलेली पाटी. प्रत्येक गोल अक्षर रेघेबाहेर डोकावत होतं. काका बघतच राहिले. इतकी वर्षं हात त्यांना न विचारताच हे करत आला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता!

ते बांबूच्या परांचीवर चढले. दोरी घेतली नाही. कुंचला भिंतीला लागला आणि थरथर थांबली. ठचं पोट सावकाश खाली उतरत गेलं.

“अहो, बसला!” बायको रस्त्यापलीकडून ओरडली. “उतरा आता!”

काका उतरले नाहीत. रंगाने माखलेला उजवा हात डोळ्यांसमोर धरून, नवा कुणी भेटावा तसे ते त्याच्याकडे बघत बसले होते.