डाव्या हातातलं नाणं

"हा शॉट अख्खाच ठेवायचा?" प्रोड्यूसर हेलनने विचारलं.

"हो. जादूत मध्येच कट आला की लोकांना संशय येतो," मी म्हणालो.

म्हणणं खरं होतं. हेतू वाईट होता.

मी लंडनमध्ये व्हिडिओ एडिटर होतो. तेव्हा शूटिंग अजून टेपवरच व्हायचं. जपानी टीव्हीवरच्या मोरिता नावाच्या जादूगारावर आम्ही एक मालिका करत होतो. वय माझ्याएवढंच, अडतीस. त्याच्या देशात टीव्हीवर जादूला प्राइम टाइम मिळतो, मोठ्या दुकानांत जादूच्या सामानाचा वेगळा काउंटर असतो, रस्त्यात म्हाताऱ्या बायकाही त्याला ओळखतात. त्याची दुभाषी युको हे कौतुकाने सांगायची आणि मी आतल्या आत जळायचो. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मीही जादू करायचो. लग्न ठरल्यावर बाबा म्हणाले, "आता हा पोरखेळ पुरे." मी जादूच्या सामानाची पेटी माळ्यावर टाकली. मोरिताला कोणी टाकायला लावली नव्हती.

लंडनमधल्याच क्रॉयडनच्या ट्राम स्टॉपवर त्याने एका बाईंचं नाणं गायब केलं होतं. उजवी मूठ उघडली, रिकामी. पण डाव्या बोटांच्या फटीतून नाण्याची कड क्षणभर चमकली. लपवलेली वस्तू अशी चुकून दिसली की जादूगार त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात. तेवढ्या क्षणापुरता बाईंच्या चेहऱ्याचा शॉट लावला असता तर चूक झाकली गेली असती. मी लावला नाही. दिसू दे सगळ्यांना, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोरिता एडिट बघायला आला. शॉट संपला. हेलनला काहीच खटकलं नाही. मोरिता मात्र माझ्याकडे बघत होता. तो युकोशी हळू बोलला.

"ते विचारतायत, तुम्ही जादू करता का?"

"का?"

"सगळे उजव्या हाताकडे बघत होते. तुम्ही डाव्या."

माझे कान तापले. "करायचो. डाव्या हातात नाणं दिसतंय. मला कालच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" हेलन म्हणाली.

मी टेप मागे नेऊन तो क्षण पुन्हा लावला.

मोरिता युकोशी मोजकंच बोलला. तिने सांगितलं, "चूक माझ्या बोटांची आहे, म्हणतात. उद्या परत शूट करू. आणि यांना मॉनिटरपाशी बसवा."

दुसऱ्या दिवशी त्याच ट्राम स्टॉपवर मी मॉनिटरला नाक लावून बसलो. दर टेकला नवा प्रवासी. सहा वेळा मी "दिसलं" म्हणालो. सहाही वेळा त्याने मान तुकवली आणि पुन्हा सुरुवात केली. सातव्या टेकला कुठे बघायचं ते माहीत असूनही नाणं दिसलं नाही. टेप तीनदा मागे नेली. नाहीच.

हेवा गेला नाही. वाढलाच. चूक दाखवणाऱ्यासमोर इतक्या शांतपणे सात वेळा उभं राहणं मला जमलं नसतं.

तोच टेक टीव्हीवर गेला. हेलनने मला काढलं नाही, पण मालिकेतला माझा प्रत्येक एपिसोड दुसऱ्या एडिटरकडून तपासून घेतला. बरोबर केलं. ज्याचा हेवा वाटतो, त्याचं फुटेज एकट्याने कापू नये.