दोन मिनिटांचं काम

माझी धाकटी बहीण पंचेचाळिशी उलटल्यावर लग्न करून उमरेडला गेली आणि शहराच्या टोकाला, बेसातल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहिले. कोणी वारलं नव्हतं, भांडण झालं नव्हतं. उलट चांगलंच झालं होतं. म्हणून तर मला वाईट वाटतंय हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

आम्ही दोघी घरूनच मराठी टायपिंगची कामं करायचो. विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, लोकांचे अर्ज. टाइप मी करायची, बाकीचं सगळं ती. प्रिंटर अडला, फाइल हरवली, पानाची मांडणी बिघडली की मी खुर्ची मागे सरकवायची आणि ती पुढे यायची. त्यामुळे इतकी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसूनही मला कीबोर्डापलीकडचं काही येत नव्हतं.

आमचं घर विणकरांचं. पाचपावलीकडच्या जुन्या घरात वडिलांचा हातमाग होता. शाळेतून आलो की आम्ही दोघी मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरायचो, आणि हात चालू झाला की तोंडही चालू व्हायचं. नुसतं समोरासमोर बसून बोलायचं, ही रीत आमच्या घरात नव्हतीच. आईसुद्धा काही निवडता निवडता, नाहीतर चुलीपुढेच मनातलं बोलायची. पुढे माग गेला, आई-वडील गेले, घर विकून आम्ही बेसाला आलो. बोलायची सवय मात्र तीच राहिली.

कॉम्प्युटर जुना होता. सकाळी बटन दाबलं की ती चहा ठेवायची, मी कूलरमध्ये पाणी भरायची, चहा पिऊन कप धुऊन व्हायचे, तेव्हा कुठे तो कामाला लागायचा. आमच्या दिवसभराच्या निम्म्या गप्पा त्या वेळातच व्हायच्या. नवा घ्यायचा विषय निघायचा आणि मागे पडायचा, कारण आमचे जुने फॉन्ट नव्या मशीनवर धड उमटत नसत. एकदा एकाच्या नव्या मशीनवर करून पाहिलं होतं तर सगळ्या ‘ळ’च्या जागी चौकोन आले होते.

तिच्या लग्नाचं स्थळ आमच्या मावशीनं आणलं. ते, म्हणजे आताचे भाऊजी, कोळशाच्या खाणीत नोकरीला होते, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही, वागायला सरळ, बोलायला अगदी कमी. बहीण बरेच दिवस काही बोलेना. शेवटी मीच म्हटलं, “हो म्हणून टाक वं. माझ्यापायी थांबू नको.” ती म्हणाली, “तुझ्यापायी कोण थांबून राहिलं?” आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ भांडी घासत बसली. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. त्यांच्या गाडीत बसताना ती मला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगत होती, जशी काही दोन दिवसांसाठीच जात होती.

ती गेल्यावर फ्लॅटमधली शांतता माझ्या लक्षात आली. आमच्या स्कीममध्ये, म्हणजे या इमारतीत, वरचे बरेच फ्लॅट लोकांनी घेऊन ठेवलेत, राहायला कोणी नाही. दुपारी जिन्यात पावलं वाजत नाहीत. बटन दाबून मी कॉम्प्युटरसमोर बसायची आणि त्या काळ्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसत राहायचा.

उन्हाळा लागला तसा कॉम्प्युटर आणखी मंदावला. मी शब्द टाइप करायची, तो पडद्यावर सावकाश उमटायचा. एका मुलीचा प्रबंध अडकला होता आणि ती रोज विचारायला यायची. एका दुपारी वैतागून मी बहिणीला फोन केला.

“काय झालं वं, ताई?”

“तुझा कॉम्प्युटर मेला वाटते. अक्षर पण उठून नाही राहिलं.”

“मेला नाही तो, म्हातारा झाला. थांब, त्याले पेन ड्राइव्ह लावून पाहू.”

“पेन ड्राइव्हमध्ये तर फाइल ठेवतात ना?”

“फाइल ठेवायसाठी नाही. त्याची मेमरी कमी पडते ना, तर पेन ड्राइव्हची जागा त्याले वापरायले द्यायची. थोडा पळते मग. तुले मी सांगते सगळं. घाई नको करू पण.”

त्या दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं, की कपाटातला निळा पेन ड्राइव्ह काढ आणि त्यातल्या जुन्या पत्रिका कॉम्प्युटरवर उतरवून घे. ते झाल्यावर मी विचारलं, पुढे काय. ती म्हणाली, “आजच्या दिवस एवढंच. उद्या फोन कर.”

दुसऱ्या दिवशी तिनं तो पेन ड्राइव्ह पुसून कोरा करायला लावला. तोही झाला.

“आता त्याले एक दिवस तसाच राहू दे,” ती म्हणाली.

“काहून?”

“नवं मडकं आणलं तर आधी पाणी भरून ठेवतोच ना आपण? तसंच आहे हे.”

मला पटलं. मडक्याचं मला माहीत होतं, पेन ड्राइव्हचं तिला माहीत होतं. मग मी तिला विचारलं की तुझ्याकडे पाणी कधी येतं, आणि तिनं नळाचं, शेजारणीचं, भाऊजींच्या शिफ्टचं सगळं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा माझी दुपार सरली होती.

असं बरेच दिवस चाललं. एके दिवशी फक्त पेन ड्राइव्हच्या चित्रावर उजवं बटन दाबून यादीतला शेवटचा शब्द कोणता ते वाचून दाखवायचं होतं. एके दिवशी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा होता आणि नुसतं बसून पाहायचं होतं. मी सांगितलं तसं करत गेले. दुपारचं जेवण झालं की मी फोन पदराजवळच ठेवायची. प्रबंधवाल्या मुलीलाही सांगून टाकलं, “काम चालू आहे, माझी बहीण करून राहिली.”

शेवटी तिनं मला ‘रेडीबूस्ट’ नावाच्या रकान्यावर नेलं. तिथे कॉम्प्युटरनं सरळ नकार दिला. हा पेन ड्राइव्ह या कामाला पुरेसा वेगवान नाही, असा इंग्रजीत मजकूर आला. मी तो अक्षर अक्षर लावून तिला वाचून दाखवला.

“मग नवा आण,” ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं मुळीच नव्हतं.

मी बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी त्याला सगळं सांगितलं. आधी रिकामा केला, मग कोरा केला, मग एक दिवस तसाच ठेवला, मग अमुक दिवशी अमुक पाहिलं. तो आधी ऐकत होता, मग हसायला लागला.

“ताई, हे तर दोन मिनिटाचं काम आहे. लावायचा, तो रकाना उघडायचा, हो म्हणायचं, बस. एक दिवस ठेवायले कोणी सांगितलं तुमाले?”

“बहिणीनं.”

“त्यांना कॉम्प्युटरचं येत नसन मग.”

त्यानं एक नवा पेन ड्राइव्ह दिला आणि हेही सांगितलं की यानं फार काही होणार नाही, थोडा फरक पडेल, खरं तर आतली रॅमच वाढवायला पाहिजे. मी मान डोलावली, पण मला त्याचं ऐकूच येत नव्हतं.

माझ्या बहिणीला कॉम्प्युटरचं येत नाही? बिघडलेला प्रिंटर खोलून पुन्हा जोडणारी ती. परतीच्या ऑटोत मी तेच घोळवत बसले. आधी राग आला, की आपल्याला एवढं वेड्यात काढलं. मग आठवलं, रोज फोन लागायचा तो पहिल्याच घंटीला उचलला जायचा. मानेवाड्याच्या चौकात सिग्नलला ऑटो थांबला होता आणि मी डोळ्यांना पदर लावला. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं आणि विचारलं, “धूळ गेली का?” मी हो म्हटलं.

घरी येऊन फोन केला.

“आणला वं.”

“आणला? आज नको उघडू त्याले. उन्हातून आणला ना, थंड होऊ दे. उद्या पाहू.”

“बरं,” मी म्हटलं.

मी तिला काही कळू दिलं नाही. तो पेन ड्राइव्ह पाकिटातच राहिला आणि आमचं बोलणं आणखी काही दिवस चाललं. आता मीही हातभार लावू लागले. पाकीट कात्रीनं कापू की हातानं फाडू, असं विचारायची. दोघीही गंभीरपणे बोलायचो. माझ्या आयुष्यातल्या त्या चांगल्या दुपारी होत्या असं मला आजही वाटतं, आणि तरीही फोन ठेवल्यावर घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटायचं.

मग एकदा फोन भाऊजींनी उचलला. ती बाहेर कपडे वाळत घालत होती.

“ताई, तुमचं मशीन झालं का नीट?” त्यांनी विचारलं.

“होऊन राहिलं हळूहळू.”

ते म्हणाले, “नाही झालं तरी चालन. तुमचा फोन येऊन गेला की ती जेवते बरोबर.”

त्या माणसाला मी तोपर्यंत धड पाहिलंही नव्हतं. माझ्या बहिणीला घेऊन गेलेला माणूस, एवढंच.

रविवारी मी दिघोरीवरून बस धरून उमरेडला गेले, न सांगता. भाऊजी कामावर होते. घर मोठं, स्वच्छ, दारात तुळस, आणि आत रेडिओ मोठ्यानं लावलेला. ती ऐकत नव्हती, पण लावलेला होता. मला पाहून ती दारातच उभी राहिली. ओसरीवर चादर अंथरून तिनं वर्षभराचे गहू निवडायला काढले होते. मी चहा घेतला आणि तिच्यासमोर बसून एक सूप ओढून घेतलं. बराच वेळ आम्ही खडेच काढत होतो.

“दुकानदार म्हणे, दोन मिनिटाचं काम आहे,” मी म्हटलं.

तिचा हात थांबला. मग ती खाली पाहूनच हसली. “मग तू काहून नाही बोलली?”

“तू काहून नाही बोलली?”

“एका दिवसात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कशासाठी फोन केला असता तू?” ती म्हणाली. “तुले सांगते ताई, हे चांगले आहेत. मले काही कमी नाही. पण कामावरून येतात, जेवतात, झोपतात. शेजारीण येते तर तिच्या सुनेचं सांगते. मले दिवसभर वाटते, कोणाले तरी काही तरी सांगावं. आणि सांगायले काही राहतच नाही.”

“माझं पण तसंच आहे.”

“तुझं तसं आहे म्हणूनच तर मी बोलत नव्हती. तुले वाटलं असतं, मी इथं सुखात नाही. मग तू झुरत बसली असती.”

ती सुखात होती की नव्हती, हे मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही होतं. तिनं मला ‘इकडेच ये राहायले’ असं म्हटलं. मी म्हटलं, “माझी गिऱ्हाइकं तिथे आहेत.” तिनं आग्रह केला नाही, आणि केला नाही म्हणून मला बरं वाटलं. भाऊजी संध्याकाळी आले. त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं आणि बस सुटेपर्यंत हात मागे बांधून खाली उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट फाडलं, पेन ड्राइव्ह लावला, तो रकाना उघडला आणि हो म्हटलं. पेन ड्राइव्हचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. खरंच तेवढाच वेळ लागला. कॉम्प्युटर काही वाऱ्यासारखा पळायला लागला नाही, पण अक्षरं माझ्या बोटांबरोबर उमटायला लागली. मी फोन करून सांगितलं.

“झालं.”

“चला, झालं,” ती म्हणाली. मग थांबली. “आता?”

“आता काय. प्रबंध पूर्ण करते.”

पुढचे काही दिवस आम्ही कारण नसतानाही फोन केले. जेवली का. जेवली. ऊन आहे का. आहे. दोघींनाही ते जमत नव्हतं. हातात काही नसलं की आमची बोलणी अडतात. फोन एक दिवसाआड झाले, मग आठवड्यातून एखाददोन. पुढे तिनं तिथल्या एका क्लासमध्ये बायकांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली. दुपारची ती घरी नसते आता. तिच्या आवाजात पुन्हा तो जुना हुकमी सूर आलाय, आमच्या प्रिंटरशी बोलताना असायचा तसा. मला मनापासून बरं वाटलं.

माझं काम मात्र आता लवकर आटोपतं. प्रबंध गेला, मुलगी पेढे देऊन गेली. पूर्वी संध्याकाळपर्यंत पुरायचं ते काम दुपारीच संपतं आणि मग पुढचा सगळा दिवस माझ्यासमोर तसाच पडलेला असतो. मी कूलर बंद करते, चालू करते. कधी वरच्या मजल्यावर जाऊन बंद दारांवरच्या कुलपांची धूळ पाहून येते.

परवा दुपारी मी तिला फोन केला. मागे बायकांचा गलका होता.

“ताई, क्लासात आहे. मी करते तुले.”

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी दाराला कुलूप लावून उगाच चौकापर्यंत चालत गेले, भाजी घेतली, परत आले. वरणाला फोडणी देत होते तेव्हा तिचा फोन आला.

“काय केलं वं जेवायले?”

“वरणभात.”

“एकटीपुरताच?”

“एकटीपुरताच.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्याकडेही कढईत काहीतरी तडतडत होतं. आमचे दोघींचेही हात चालू होते, आणि दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.