चुकीसकट नक्कल

रांबू कोंगाचं तोंड फटकळ, हात मात्र सोन्याचा. रंग चढू द्यायचा नसेल तिथे सुताला पानाच्या पट्ट्यांनी गाठी मारायच्या, नीळ चढवायची, मुळांचा तांबडा चढवायचा, मग विणायला बसायचं. एकेका कापडात वर्ष निघून जाई. मेलेल्या माणसाला आम्ही सुंबा बेटावरचे लोक अशाच कापडांत गुंडाळतो. पलीकडचे पूर्वज त्यावरूनच आपलं माणूस ओळखतात.

मग जावाच्या एका गिरणीने आमची नक्षी यंत्राने सुतावर छापून कापडं काढली. बाजारात ती भाजीच्या भावात मिळू लागली आणि बायकांनी माग गुंडाळून ठेवले. असल्या यंत्रांना कायद्याने आवर घाला, असा अर्ज कोंगानेच पुढे होऊन केला. वाइंगापू शहरात सुनावणी लागली.

"यंत्राला चुकता येत नाही, साहेब," ती तिथे ठणकावून म्हणाली. "माणूस चुकतो. तिथेच हात ओळखू येतो."

गिरणीच्या माणसाने हसत दोन कापडं पुढे टाकली. "मग यातलं हाताचं कोणतं, आजी?"

कोंगाने दोन्ही चाचपली. सूतच छापून मग विणलेलं, त्यामुळे बोटांना काही कळेना. पण एकावरच्या नक्षीतल्या कोळंबीला एक पाय कमी होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"हे! अहो, हे तर माझंच! माझी लेक येनी तान्ही होती, मांडीवर रडत होती, तेव्हा ही गाठ राहून गेली."

ते गिरणीचं निघालं. तिने कधीकाळी विकलेल्या कापडाची नक्कल यंत्राने चुकीसकट उतरवली होती.

"जिने विणलं तिलाच कळत नाही, तर पोलिसांना काय डोंबल कळणार?" अधिकारी म्हणाला, आणि सगळे हसले. चोरी हुबेहूब झाली म्हणून मालकच खोटा, असला हा न्याय! कायदा तिथेच बारगळला.

त्याच वर्षी येनी बाळंतपणात गेली. कोंगाने स्वतःच्या मरणासाठी विणून ठेवलेलं कापड पेटीतून काढलं आणि लेकीच्या सासरी नेलं. प्रेतापाशी बसलेल्या सासूने ते घेतलं, उलटून पाहिलं, पुन्हा उलटलं.

"विहीणबाई, राग मानू नका. हे छापील तर नाही ना?"

"माझ्या हातचं आहे!"

"त्या दिवशी सुनावणीतही तुम्ही असंच म्हणाला होतात."

सासू वाईट नव्हती. सुनेला पलीकडे कुणी ओळखलंच नाही तर, या भीतीने ती विचारत होती. कोंगा तिच्या हातातल्या कापडावर एखादी राहिलेली गाठ शोधू लागली, आणि थांबली. ती दाखवणार तरी काय? चूकसुद्धा आता पुरावा राहिली नव्हती.

सासूने ते कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या घरच्या मागावर विणलेलं आणलं. ते विणताना तिने निदान आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. येनी आईच्या हातचं काहीच अंगावर न घेता गेली.